लोला कन्सोर्सियाच्या दोन झडपा

...आणि माझ्यावर कशाला डाफरायचं? मी आजार देत नाही हो, नुसता आकडा देतो. असं त्या लोला कन्सोर्सियाला, लोला म्हणजे आमच्याकडं आजी, तीनदा सांगितलं. पण तुम्हाला सांगतो, अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, हृदयाच्या दोन झडपा गेलेल्या, चार पावलांत धाप लागते म्हणून भरती केलेली, ती अख्खा व्हरांडा ओलांडून रेकॉर्डच्या खिडकीशी आली, हातात माझ्या सहीचा विम्याचा फॉर्म, आणि म्हणते, "डेल्फिन कोण?"

आता इलोइलो शहरातल्या आमच्या इस्पितळात माझं काम काय, तर डॉक्टर आजार लिहितात आणि मी जाडजूड पुस्तकात बघून त्यापुढं आकडा टाकतो. आणि पुस्तकाचं डोकं कसं चालतं बघा... महाधमनीची एकटी झडप अरुंद झाली तर ते गप्प. पण तिच्या जोडीला दुसरी बिघडली आणि डॉक्टरांनी कारण लिहिलं नाही, की पुस्तक परस्पर ठरवून मोकळं, लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला असणार, त्यानंच झडपा खाल्ल्या. का? मला काय विचारता?

लोलानं नर्सकडून अर्थ वाचून घेतलेला. "ताप? मला? माझ्या आईनं सात पोरं वाढवली, एकाला शिंक येऊ दिली नाही. आणि तू लिहितोस तिनं हेळसांड केली?"

"लोला, हेळसांड कुठं लिहिलीय?"

"अर्थ तोच होतो. हे खोड, नाहीतर उद्याच्या ऑपरेशनवर मी सही करणार नाही."

झालं. मी आजार देत नाही, नुसता आकडा देतो, आणि बाईचा जीव माझ्या आकड्यावर टांगलेला. धावलो डॉक्टर पालमारेसांकडे. ते म्हणाले, "ताप आला नसेल तर वयाची झीज असं लिहून देतो, आकडा बदलेल. पण आधी नीट विचारून ये."

वॉर्डात लोलाच्या खाटेशी तिची थोरली बहीण, लोला प्रिमितिवा, बाचोयच्या खारट रश्श्यातल्या शेवया ओढत बसलेली. बहिणीला मीठ बंद, म्हणून तिच्या वाटणीचंही हीच खात होती. मी विचारलं. वाडग्यातून मान वर न करता म्हणते, "आला होता की. सात वर्षांची होतीस तू, गुडघे भोपळ्यासारखे सुजलेले."

"गप्प बस, प्रिमितिवा."

"तीन महिने आईनं तुला खाली ठेवलं नाही. मांडीवर घेऊन जाळी विणायची. आणि डॉक्टर उशिरा आणला म्हणून मरेपर्यंत स्वतःला बोल लावत राहिली."

मग लोला कन्सोर्सिया हळूच म्हणाली, "म्हणून तर कागदावर नको होतं."

"कागदावर तू जगलीस हेही आहे ना?" थोरली म्हणाली, आणि शेवया पुन्हा सुरू.

बाईनं डोळे पुसले, पेन मागितलं. सही करता करता मला म्हणाली, "मग हेही लिही, आईनं सांभाळलं." आता काय सांगू तुम्हाला... मगर चावली तर आकडा आहे, शिडीवरून पडलात तर आहे, पण आईनं सांभाळलं याला नाही. पान न् पान पाहिलं मी.

ऑपरेशन छान झालं. महिन्याभरानं लोला पुन्हा खिडकीशी, यावेळी धाप नाही, आवाज दुप्पट. "आता काय लिहिलंस?" मी म्हटलं, दुसऱ्या प्राण्याच्या झडपा बसवल्या, डुकराच्या. ऑपरेशनआधी डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण तेव्हा बाईंचं सगळं लक्ष माझ्या फॉर्मात. परत तेच सांगितलं, लोला, मी आजार देत नाही, नुसता आकडा देतो. ती खिडकीत डोकं घालून हळूच विचारते,

"त्या डुकराला तरी लहानपणी ताप आला नव्हता ना?"

डुकरांच्या फायली आमच्याकडे येत नाहीत.