अश्वाचा उत्तरार्ध

शिक्षक : कारण अर्धा घोडा रंगमंचावर नेता येत नाही, बाळ. राजपुत्र वेशीबाहेर पडतो तो सबंध घोडा घेऊन. संहितेत तसे स्पष्ट लिहिले आहे.

पूर्वार्ध : मीही तेच सांगतेय, सर. मी चालायला लागले आणि ही जागेवर खांबासारखी उभी. कापड ताणलं गेलं, पोटाची शिवण उसवली. बघा, आतून माझा हात बाहेर येतोय.

उत्तरार्ध : तू हळू चालायचंस.

पूर्वार्ध : घोडा आहे तो. गोगलगाय नाही.

शिक्षक : शांत व्हा दोघी. आता कुठे पहिली घंटा झाली आहे. त्या बाकावर बसा, मी तोवर टाके घालतो. सुई दे इकडे, पूर्वार्ध.

पूर्वार्ध : सर, आज तरी आम्हाला आमच्या नावाने हाक मारा ना. पहिल्या तालमीला तुम्ही पूर्वार्ध-उत्तरार्ध म्हणालात आणि अख्ख्या शाळेने तेच धरलं. परवा मोठ्या बाईसुद्धा वर्गात येऊन हिला म्हणाल्या, काय गं उत्तरार्ध, गृहपाठ झाला का?

उत्तरार्ध : तुला काय होतंय बोलायला. तू पुढे आहेस.

शिक्षक : म्हणजे दुखणे इथे आहे तर. बोल, बाळ. इतके दिवस तुम्ही दोघी एका बाकावर बसता, एका डब्यात जेवता, एका घोड्यात चालता. आज नेमके काय झाले?

उत्तरार्ध : काही नाही.

पूर्वार्ध : तिचे बाबा आलेत.

शिक्षक : ही तर आनंदाची वार्ता.

पूर्वार्ध : ट्रक चालवतात ते, सर. सदा लांबच्या फेऱ्यांवर. शाळेच्या कार्यक्रमाला कधीच येता आलं नव्हतं त्यांना. आज गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन आलेत. तिसऱ्या रांगेत बसलेत. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. शर्टाला कडक इस्त्री आहे.

उत्तरार्ध : गोदामात सगळ्यांना सांगून आलेत, माझी मुलगी नाटकात घोडा झालीय म्हणून.

शिक्षक : त्यात असत्य काय आहे?

उत्तरार्ध : मी घोडा कुठेय, सर? मी मागचे पाय आहे. वाकून हिची कंबर धरते आणि नाटकभर मला फक्त हिच्या टाचा दिसतात. उजव्या मोज्याला भोक आहे, तेवढं मला पाठ झालंय. बाबा काय बघणार? शेपूट?

पूर्वार्ध : भोकाचं कशाला सांगायचं सरांना?

शिक्षक : हे बघ, अश्वाचे सारे बळ मागल्या पायांत असते. पुढचे पाय केवळ दिशा दाखवतात. तू थांबलीस तर राजपुत्र थांबतो, राजपुत्र थांबला तर कथा थांबते. आत्ता थांबलीच होती.

उत्तरार्ध : हे तुम्ही मला भूमिका देताना पण सांगितलं होतं. तेव्हा मी खूश झाले होते.

शिक्षक : आणि आता?

उत्तरार्ध : आता बाबा आलेत.

शिक्षक : हं. जरा तो दिवा पुढे कर, पूर्वार्ध. माझा दोरा सुईत जाईना. असे पाहा, नटाने भूमिकेत विरघळून जावे. प्रेक्षकाला नट दिसू नये, अश्व दिसावा. हे या कलेचे पहिले व्रत आहे.

उत्तरार्ध : मग राजपुत्राला का नाही विरघळवत? त्याला तर मुकुट घातलाय. त्याचे काका पहिल्या रांगेत बसून त्याचे फोटो काढतायत.

शिक्षक : राजपुत्राची गोष्ट निराळी.

उत्तरार्ध : निराळीच असते त्याची.

पूर्वार्ध : सर, मी तिला म्हटलं होतं, एका प्रवेशापुरती तू पुढे ये. आम्ही काल मधल्या सुट्टीत करूनही पाहिलं.

शिक्षक : मला न विचारता?

पूर्वार्ध : तुम्हाला सांगण्यासारखं काही झालंच नाही. मी उंच, ही बुटकी. मी मागे गेले तर घोड्याचं बूड मानेच्या वर जातं. पाचवीच्या मुलांनी पाहिलं आणि उंट उंट म्हणून ओरडली. शिवाय हिला खिंकाळता येत नाही. खिंकाळून दाखव गं.

उत्तरार्ध : नाही दाखवणार.

पूर्वार्ध : कुकरच्या शिट्टीसारखं येतं, सर. मी गच्चीवर महिनाभर सराव केलाय. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, मुलीला डॉक्टरांना दाखवलंत का?

शिक्षक : हसलीस. आता हसलीस तू, उत्तरार्ध. मी पाहिले.

उत्तरार्ध : मी काकूंना हसले. हिला नाही.

शिक्षक : बरे. प्रयोगाच्या आरंभी मी स्वतः घोषणा करीन. अश्वाच्या भूमिकेत अमुक आणि अमुक. तुझे नाव आधी घेईन.

उत्तरार्ध : नाव ऐकू येईल. मी दिसणार नाही. सर, दुसऱ्या शाळेत नाटक संपल्यावर सगळे रांगेत उभे राहतात, नमस्कार करतात. तेव्हा घोडाही कापड काढतो. आपण का नाही करत?

शिक्षक : बाळ, या शाळेत मी नाटके बसवू लागलो तेव्हापासून एक मर्यादा पाळत आलो आहे. कथा संपली की पडदा. मेलेला राजा उठून हात जोडू लागला, की ज्यांनी त्याच्यासाठी डोळे पुसले त्यांची फसवणूक होते. माझ्या नाटकात कुणी रांगेत उभे राहत नाही, आणि प्रेक्षकांकडे पाठ करून कुणी उभे राहत नाही. या दोन गोष्टी मी सोडल्या नाहीत. आज एकीसाठी सोडल्या तर उद्या झाडे, ढग आणि द्वारपाल सगळेच माझ्या दाराशी येतील.

उत्तरार्ध : ढग आत्ताच आला होता. तुम्ही त्याला रागावलात.

शिक्षक : त्याने नाकाला पावडर लावली नव्हती, म्हणून.

पूर्वार्ध : सर, दुसरी घंटा.

शिक्षक : टाके झाले. ओढून पाहा. घट्ट आहेत ना? उत्तरार्ध, मी तुला आज्ञा करीत नाही. विचारतो. येतेस?

उत्तरार्ध : येते. पण मी रुसलेलीच आहे.

शिक्षक : रुसवा अश्वाच्या चालीत दिसू नये एवढे पाहा.

उत्तरार्ध : मागच्या पायांकडे कोण बघतंय, सर.

पूर्वार्ध : चल, धर कंबर. गुदगुल्या नाही करायच्या.

उत्तरार्ध : आज तर करणारच.

(नाटक संपले आहे. मघाशी टाके घातले तोच वर्ग, घोड्याचे डोके टेबलावर ठेवलेले, शेपूट खुर्चीच्या पाठीवर.)

शिक्षक : आता मला क्रमाने सांगा. मी विंगेत संहिता धरून उभा होतो. राजपुत्र परतला, राणीने त्याला जवळ घेतले, समूहाने गाणे आरंभिले. अश्वाने गाणे संपेपर्यंत प्रेक्षकांसमोर निश्चल उभे राहायचे होते. अश्व निश्चल उभा राहिला का?

पूर्वार्ध : थोडा वेळ राहिला.

शिक्षक : आणि मग?

पूर्वार्ध : सर, घोड्याच्या तोंडातून मला सगळं दिसतं. हिचे बाबा दिसत होते. सगळे राजपुत्राकडे बघत होते आणि ते एकटे मान वाकडी करून घोड्याच्या पोटाखाली बघत होते. खाटेखाली चप्पल शोधतात ना, तसं. माझ्याच्याने उभं राहवेना. मी वळले.

शिक्षक : प्रमुख पाहुण्यांकडे पाठ करून.

पूर्वार्ध : पाठ नाही, सर. ही केली त्यांच्याकडे.

उत्तरार्ध : मला काहीच माहीत नव्हतं. टाचा फिरायला लागल्या, मला वाटलं हिला चक्कर आली. मी घट्ट धरून मागेमागे फिरले. मग ही आतून म्हणाली, सोड मला, मागे वळ आणि बाहेर बघ.

शिक्षक : माझे टाके?

उत्तरार्ध : ते पहिल्याच प्रवेशात उसवले होते. पण मी पोटातून नाही आले. मागचं कापड वर केलं आणि शेपटीखालून डोकं बाहेर काढलं. समोर एवढा उजेड. माझे केस सगळे तोंडावर.

पूर्वार्ध : आणि सभागृह एकदम चिडीचूप. मी म्हटलं, मेले. सर आता मला दहावीपर्यंत द्वारपाल करणार.

उत्तरार्ध : तेवढ्यात राजपुत्र म्हणाला, माताजी, आपल्या घोड्याला पिल्लू झालं.

शिक्षक : हे वाक्य मी लिहिलेले नाही.

पूर्वार्ध : तरी ते बिनचूक म्हणाला. तुमची वाक्यं त्याला कधी पाठ झाली नाहीत. राणी तर हसून सिंहासनावरच बसली. पडदा ओढणारा हसत सुटला, म्हणून पडदा पडेना.

शिक्षक : ते मी पाहिले. दोरी अखेर मला ओढावी लागली.

उत्तरार्ध : सर, तुम्ही लगेच का नाही ओढलीत? टाळ्या किती वेळ चालल्या होत्या.

शिक्षक : दोरी मिळत नव्हती.

पूर्वार्ध : तुमच्या हातात होती, सर. मला तोंडातून दिसलं.

शिक्षक : अश्वाने विंगेत पाहू नये.

उत्तरार्ध : रागावलात?

शिक्षक : रागवावे अशा निश्चयाने आलो होतो. वाटेत मोठ्या बाई भेटल्या. म्हणाल्या, प्रमुख पाहुण्यांना शेवटचा प्रवेश फार रुचला. त्यांनी विचारले, ही कल्पना लेखकाला सुचली कशी?

पूर्वार्ध : मग तुम्ही काय म्हणालात?

शिक्षक : मी नम्रपणे मौन धरले. आणि उद्याच्या प्रयोगात अश्वाने कुठे वळावे हे आज खडूने आखून ठेवणार आहे. आज तो राणीच्या पायावर पडता पडता राहिला.

पूर्वार्ध : म्हणजे उद्या पण?

शिक्षक : पिल्लाने मात्र केस विंचरून बाहेर यावे. आता जा. तुझे बाबा ताटकळले असतील, उत्तरार्ध.

उत्तरार्ध : दाराशीच आहेत. भेटले मला. घोड्याचं डोकं हातात घेऊन बघत होते, कागदाच्या लगद्याचं आहे म्हटलं तर खरं वाटेना त्यांना.

शिक्षक : नाटकाविषयी काही बोलले?

उत्तरार्ध : म्हणाले, डोकं बाहेर काढायच्या आधीच ओळखलं होतं. पहिल्या प्रवेशापासून.

शिक्षक : खरेच? ते कशावरून?

उत्तरार्ध : विचारलं नाही, सर. खोटं असलं तर बिचारे पकडले जातील.