तुर्की काळातलं मूल

सेकेशफेहेरवारच्या दवाखान्यात एमोके नंबराची वाट पाहत बसली होती. तिच्या मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

“संग्रहालयाचं पत्र आलं का गं, एतेल्का?”

“आलं. म्हणे, तुमच्या जुन्या अंगणात एका लेकराची हाडं सापडली, पण ती तुर्की काळातली, चारेकशे वर्षांपूर्वी इथे तुर्कांचं राज्य होतं तेव्हाची. तुमची बहीण नव्हे.”

“एवढं छातीठोक?”

“मुठीत मातीची तुर्की चिलीम होती ना.”

“लेकरू चिलीम ओढायचं वाटतं.”

“आमच्या अंगणात ढिगाने निघायच्या त्या. आजोबा कांदे लावायला खणायचे, तर वर सैनिकांची काडतुसं, खाली तुर्कांच्या चिलमी, त्याखाली राजांच्या वेळचे घडीव दगड. आमची इल्का चिलमीतून बाहुलीला दूध पाजायची.”

“ती गेली पंचेचाळीस साली?”

“हो, भिंत पडली अंगावर. गाव तेव्हा आज रशियनांकडे, उद्या जर्मनांकडे. दफनभूमीपर्यंत जाणार कोण? आईने तिला अंगणातल्याच अक्रोडाखाली पुरलं. चिलीम मुठीतून सुटेना, मग तशीच राहू दिली.”

“अगं, मग हे त्यांना सांग की.”

“संग्रहालयातल्या कुणा डॉक्टरेटवाल्या बाईंची सही आहे पत्रावर. एवढ्या शिकलेल्या बाईपुढे मी काय बोलू? मला फक्त तिला आईशेजारी ठेवायचं होतं. डिसेंबरात ब्याऐंशी संपतील मला.”

एमोके मागे वळली.

“आजी, ती सही माझी आहे,” ती म्हणाली. “काळ मी चिलमीवरून ठरवला. हाडं तपासलीच नाहीत.”