दुसरा नमस्कार

...आणि वर म्हणतो, खुर्चीवर बसून नमस्कार कर. आता मला सांगा, बापाला कुणी खुर्चीवर बसून नमस्कार करतं का? धाकटा भाऊ आहे ना माझा, दोक-सू, सोलमध्ये राहतो, त्याचं हे फोनवरचं शहाणपण. 'दादा, तुझे गुडघे गेलेत. वाकणं जमत नसेल तर यंदापासून चुसोकच्या सणाची पूजा माझ्याकडे करू.' म्हणजे अठ्ठावीस वर्षं आन्दोंगच्या या घरात थोरल्यानं केलेली वाडवडिलांची पूजा गुडघ्यापायी त्याच्या चौदाव्या मजल्यावर जाणार. तुम्हाला सांगतो, बसणं मला कधीच अवघड नव्हतं. अडतं ते उठताना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'ऑपरेशनची घाई नको. आधी वजन उतरवा, मांड्या बळकट करा, पाण्यात चाला.' गेलो. तलावात बारा आज्या रबरी टोप्या घालून चालतायत आणि मधोमध मी एकटा बुवा... त्यातली एक ओरडते, 'पाहुणे, पोट आत घ्या!' घरी आलो की बायको. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, खाली दाबायची, दहा मोजायचे. ही मुळा चिरता चिरता मोजते आणि सातानंतर पुन्हा पाच म्हणते. 'अहो, मध्ये सोडलंत तुम्ही, पाहिलं मी.' सुया टोचून झाल्या. औषधी पट्ट्या एवढ्या चिकटवल्या की मी खोलीत शिरलो की मांजर उठून जातं. शेजारचे मधमाश्यावाले म्हातारबा म्हणाले, 'एक माशी चावून घ्या, गुडघा विसराल.' खरंच विसरलो हो, आठ दिवस नुसती माशी आठवत होती. पण खरं सांगायचं तर पाण्यानं आणि टॉवेलनंच गुण आला. चार किलो उतरले, जिना चढायला लागलो. बसणं तर काय, कधीच अवघड नव्हतं... उठणं तेवढं राहिलं.

बाईंना विचारलं, जमिनीवर नमस्कार चालेल? 'एखादा, हळूच.' मी म्हटलं, आमच्यात दोन असतात. त्यांनी चष्मा काढून पुसला.

चुसोकची सकाळ, यंदा तरी पूजा आन्दोंगलाच. पहिला नमस्कार झक्क. खाली गेलो, वर आलो, दोक-सू डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतोय. दुसरा. कपाळ जमिनीला टेकलं, आणि गुडघ्यानं संप पुकारला. आता आमची रीत अशी, की थोरला उठल्याशिवाय मागचं कुणी उठत नाही. मागे नऊ माणसं, सगळ्यांची कपाळं खाली. एक मिनिट... दोन... मी आपला घामाघूम. तेवढ्यात मागून मुसमुस, दोक-सूची बायको. मग दोक-सूच म्हणतो, 'दादा, बाबा आठवले ना रे?'

काय सांगू? म्हटलं, 'हो.'

शेवटी माझ्या बायकोनंच ओळखलं. शेजारी आली, मला धीर देतेय असं दाखवत काखेत हात घातला आणि पोतं उचलावं तसं उचललं. दोक-सू डोळे पुसत म्हणाला, 'चुकलो मी. पूजा इथंच राहील. आणि दुसरा नमस्कार यापुढे दर वर्षी असाच करायचा, पाच मिनिटांचा, बाबांसाठी.'

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.