पाच रुपयांवरची रेघ

मी मूळचा पेणचा. वडील गणपतीच्या कारखान्यात, मूर्ती साच्यातून निघाली की तिच्या अंगावरची नको ती रेघ पातीनं खरवडायची आणि वर पॉलिशपेपर मारायचा, हे त्यांचं काम. ते सांगायचे, साच्याला भेग पडली की माल त्या भेगेत शिरतो आणि मूर्तीवर उंच रेघ उठते, आणि बाहेर आल्यावर मूर्ती कुठं घासली तर खाच पडते. उंच ती साच्याची चूक, खोल ती आपल्या हाताची. काय सांगू तुम्हाला, नाण्यांचंपण तसंच हाय, आणि मला ते लहानपणीच फुकटात कळलं.

पुढं रोह्याला कंपनीत लागलो आणि नाण्यांचा नाद लागला. मी छोटा वजनकाटा ठेवतो. पाच रुपयांचं जुनं जाड नाणं नऊ ग्रॅमचं, साडेआठच भरलं तर समजायचं, झिजलंय नायतर कोणीतरी कानस मारलीय.

आता हसनभाईंचं सांगतो. रोह्याच्या पुलापलीकडं अष्टमी गावात राहतात, बावीस वर्षं आखातात काढून आलेले, माझं बघून तेपण नाणी जमवायला लागले. एका संध्याकाळी पाच रुपयांचं नाणं नाचवत म्हणाले, भाऊ, बघा, टाकसाळीची चूक, माझी पयली! काठापासून काठापर्यंत रेघ. मी त्यांच्या ओटीवर बसल्या बसल्या एकदाच बघितलं आणि म्हटलं, ओरखडा हाय, खर्च करून टाका. माणसाचा चेहरा असा उतरला की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी पयल्या शिफ्टला मशीनच्या पट्टीवरचा नंबर वाचायला टॉर्च खालून मारला, तर खोदलेले आकडे उठलेले दिसले! टॉर्च वरून धरला, परत खोल. हसनभाईंच्या ओटीवरचा दिवा खाली, पायरीजवळ, म्हणजे उंच रेघपण मला खोल दिसली असेल. मी नाण्याला नखपण लावलं नव्हतं. नुसत्या डोळ्यानं निकाल दिला होता.

शिफ्ट सुटली तसा कंपनीच्या कपड्यातच पूल ओलांडला. नाणं कुठाय? हसनभाई म्हणाले, तुम्हीच बोललात ना, सकाळी पोहे आणले त्यात गेलं. आम्ही दोघं वाण्याकडे पळालो. वाणी हसायला लागला, काय हो, पाच रुपयांसाठी माझा गल्ला उलटा करताय? कंपनीनं पगार दिला नाय काय? पण गल्ला दिला बिचाऱ्यानं. सदतीस नाणी निघाली. मी एकेकावरून नख फिरवत गेलो, हसनभाई मोजत होते, सत्तावीस, अठ्ठावीस, आणि एकोणतिसाव्याला नख अडकलं! अडकलं म्हणजे खाली गेलं नाय, वर चढलं. उंच रेघ, काठापासून काठापर्यंत. मी भर दुकानात ओरडलो, हसनभाई, साच्याची भेग, तुमचंच खरं! नंतर माझ्या काट्यावर वजन केलं, बरोबर नऊ.

पनवेलच्या एका व्यापाऱ्यानं दोनशे देऊ केले, हसनभाईंनी नाणं दिलं नाय. ते नाणं आधी ज्या पाकिटात होतं, त्याच्यावर मी त्याच संध्याकाळी ओरखडा असं लिहून दिलं होतं, ते खोडून भेग लिहिलं. म्हटलं, नवीन पाकीट घेऊ. नको म्हणाले, खोडलेलं दिसू दे, तुम्हाला बरं असतं. आता कोणी पाव्हणा आला की पयलं तेच पाकीट काढतात, माझ्यासमोर, आणि म्हणतात, अल्ला भाऊंची नजर शाबूत ठेवो, फक्त जिभेला जरा ब्रेक देवो. मीपण म्हणतो, आमीन.