पेटीचं कुलूप, नंबर एकशे बारा

दुकानदारीण : नुसतं पेटीचं कुलूप म्हणून कसं चालेल काका? पेटी कसली?

आजोबा : हत्यारांची. ही काय, उचलूनच आणलीये. सकाळी किल्ली कुलपातच मोडली. नशीब, पेटी उघडी होती.

नात : नशीब कसलं, मीच उघडली होती. सायकलला पाना हवा होता. मोडलीही माझ्याच हातून.

आजोबा : किल्ली चाळीस वर्षं झिजत होती, तुझा हात फक्त शेवटचा. बरं, पेटीचं कुलूप घेताना काय काय बघायचं? सांग बाईंना.

नात : कुलपाच्या मागची, अडकणारी पट्टी किती लांब. पत्र्यातून आत जाणारी नळी किती जाड. पेटीचा पत्रा किती जाड. आणि किल्ली पाव फिरते की अर्धी.

दुकानदारीण : वा. इथं येणारे मोठमोठे लोक हवेत दोन बोटं धरून माप सांगतात. आणि कुलपाच्या तोंडावर कोरलेला हा नंबर गं?

नात : तो आजोबांनी शिकवला नाही.

आजोबा : त्यात शिकवण्यासारखं काय आहे? तो पेटीचा नंबर. आमच्या कारखान्यात माझी पेटी एकशे बारा.

दुकानदारीण : असं कोण म्हणालं?

आजोबा : कोणी म्हणायला कशाला हवं? पेटी माझी, तिच्यावर एकशे बारा.

दुकानदारीण : तो चिमटा दे गं इकडे. हं, निघाला तुकडा. आता ही माझ्या जुडग्यातली किल्ली घे. फिरव.

नात : लागली. फिरली. आजोबा, यांच्याकडे तुमची किल्ली आहे.

दुकानदारीण : त्यांची नाही, एकशे बाराची. नंबर कुलपाचा असतो काका. कारखाने पेट्या घाऊक घेतात, सगळ्यांना एकच कुलूप. एकाची किल्ली घरी राहिली तर शेजाऱ्याची लावायची, काम अडत नाही. तुमच्या खात्यात किती पेट्या होत्या?

आजोबा : तीस.

नात : म्हणजे तीस जण तुमची पेटी उघडू शकत होते.

आजोबा : तू पत्रा मोजलास का?

नात : मोजला. सव्वा मिलिमीटर. आजोबा, तो मायक्रोमीटर...

आजोबा : नळी मोज.

दुकानदारीण : कसला मायक्रोमीटर?

नात : यांचा, बारीक जाडी मोजायचा, या पेटीतून चोरीला गेलेला. मी जन्मायच्याही आधी. दुसरी किल्ली फक्त धाकट्या आजोबांकडे होती, म्हणून त्यांनीच घेतला. आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. आम्ही त्यांच्याकडे जात नाही.

दुकानदारीण : सख्खे भाऊ?

आजोबा : पाठचा. माझ्याच खात्यात होता.

दुकानदारीण : मग ते काही बोलले नाहीत?

आजोबा : बोलला की. दादा, माझ्या पेटीची किल्लीही तुझ्या कुलपाला लागते, म्हणाला. लावून बघ, म्हणाला.

नात : मग लावून बघितलीत?

आजोबा : नाही.

नात : पण तुम्हीच सांगता ना, अंदाजानं काम करायचं नाही, स्वतः मोजून बघायचं.

आजोबा : ते कामाचं सांगतो.

दुकानदारीण : एक किल्ली लावायला असा किती वेळ लागतो काका?

आजोबा : माझा कुलपावर भरवसा होता.

दुकानदारीण : माझं दुकान त्या भरवशावरच चालतं. पण खरं सांगू? आता कुलूप बदलायची गरज नाही. कुलूप धडधाकट आहे, हीच किल्ली घेऊन जा.

आजोबा : नको. बदलाच. ज्याच्या त्याच्या किल्लीनं उघडणारं कुलूप काय कामाचं?

(नात पेटीच्या आत हात घालून नव्या कुलपाचा नट आवळते. आजोबा तिचा हात न धरता नुसते बघत राहतात.)

नात : बसलं. पाव फिरते. पट्टीही बरोबर अडकते.

आजोबा : छान आवळलास. पुन्हा एकदा लाव बघू.

नात : लावलं.

आजोबा : आता उघड. एकदा हळू फिरवून बघ. नवं कुलूप असतं, कुठं अडकायला नको.

नात : आजोबा, नऊ वेळा झालं.

दुकानदारीण : काका, कुलूप उत्तम आहे. भाऊ राहतात कुठं तुमचे?

आजोबा : पाण्याच्या टाकीमागं. चालत दहा मिनिटं.

नात : एवढ्या जवळ?

आजोबा : हं. बाई, ते जुनं कुलूप फेकू नका, बांधून द्या. आणि तुमची ती किल्लीही द्या. नुसतं तोंडी सांगितलं तर त्याला पटायचं नाही.

नात : त्यांना कशाला पटवायचं, आजोबा? त्यांना तर माहीतच आहे.