चौदा बगळे

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी तळे बचाव समितीच्या दोघी बसल्या होत्या, नणंद आणि भावजय.

"वहिनी, अर्जात चौदा बगळे लिहिलेत?"

"चौदा दिवस मोजले, वन्सं. रोज एक."

"अहो, तो रोज तोच असणार!"

"मग? रोज येतो बिचारा. तुमच्या सभेला येतं का कोणी?"

"उद्या सकाळी साहेब स्वतः बघायला येताहेत. बगळा दिसला नाही तर तळं बुजवतील."

"दिसेल की. पलीकडच्या काठावर एका पायावर उभा असतो, पांढराशुभ्र."

"चष्मा लावला होता?"

"सकाळी सकाळी कुठला चष्मा?"

"वहिनी, तिथे दादा व्यायाम करतो."

"अगं बाई! तरीच म्हटलं, बगळ्याला पोट कसं?"

"हसताय काय? तळं जाईल ना!"

"जातंय कसं? ह्यांना सांगते, उद्या साहेब जाईपर्यंत दुसरा पाय टेकायचा नाही."