जुन्या बागेचं पाणी

माळी : पुढचे लांबच राहू द्या, मामा. मधले तेवढे असे कापा, की विरळ दिसायला नकोत.

न्हावी : कोणाला दिसायला नकोत?

माळी : डॉक्टरीणबाईंना. केस लावून वर्ष झालं, उद्या अकराला दाखवायला बोलावलंय.

न्हावी : लावलेले झकास आलेत की. कपाळावर कसे ओळीनं उभे आहेत. पण त्यांच्या पाठीमागं हे काय? शाळेत होतास तेव्हापासून ही टाळू माझ्या हाताखाली आहे, इथं एवढं उजाड कधी नव्हतं.

माळी : औषध सोडलं.

न्हावी : कसलं औषध?

माळी : रोज एक गोळी, आणि टाळूला चोळायचं पाणी. चार महिने झाले.

न्हावी : त्रास होत होता?

माळी : छे. रोपानं मूळ धरलं की आम्ही पाणी हळूहळू तोडतो, मुळं खोल जातात. म्हटलं, इथंही तेच.

न्हावी : पण लावलेले तर टिकलेत. गेले ते आधीचे. असं कसं?

माळी : लावलेले मानेकडून काढलेले, ते सहसा टिकतात. औषध होतं मधल्या जुन्या केसांसाठी. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी नुसती मान डोलावली.

न्हावी : नव्या वाफ्याच्या कौतुकात जुनी बाग तहानलेली ठेवलीस म्हण की.

माळी : टोचा अजून. आत्ता कुठं आरशात बघवत होतं.

न्हावी : मानेकडून आणखी काढता येतील?

माळी : किती उरलेत, तुम्हीच बघा.

न्हावी : हं. जपूनच काढावे लागतील.

माळी : म्हणून म्हणतो, झाका.

न्हावी : झाकीन की, हात आहे माझा तेवढा. एक विचारू? तुझ्या रोपवाटिकेत कोणी वाळकं रोप घेऊन येतं, वर म्हणतं, पाणी रोज घातलं. तेव्हा?

माळी : पान बघून कळतं मला.

न्हावी : आणि नाहीच कळलं तर?

माळी : तर त्याच्या बोलण्यावर विसंबून भलताच उपाय सांगतो. रोप हकनाक जातं.

(कात्री थांबते.)

न्हावी : मग? कापू?

माळी : मानेवरचे तेवढे साफ करा. मधल्यांना हात नको. आणि तो छोटा आरसा जरा टाळूवर धरा, मामा. मी अजून नीट बघितलंच नाही.